लांबलेला डोळा

दादा, तुला तुझ्या डोळ्यांनी नेलं नाही, याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.

पाच वर्षं मी तुझ्या डोळ्यांच्या मागे लागले होते. त्या पाच वर्षांत तुझं ब्लडप्रेशर एकदा तरी बघावं, असं मला सुचलं नाही. आणि मागच्या महिन्यात, सकाळी अकराच्या उन्हात, आपल्या चिखले गावच्या किनाऱ्यावर बोंबील सुकवायच्या बांबूंखाली जाळं मांडीवर घेऊन बसला होतास, तसाच एका बाजूला कललास. वहिनीला वाटलं, डुलकी लागली. दवाखान्यात आणलं तेव्हा डॉक्टरांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं. 'हार्ट' म्हणाले. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस.

मी तेव्हा झरीच्या आश्रमशाळेत पोरांना तक्त्यासमोर उभं करून एकेक डोळा झाकायला लावत होते. फोन आला. जीप, मग बस, मग रिक्षा करत पोचले. तुझ्यावरची चादर सरकवली आणि काय केलं माहीत आहे? पिशवीतला टॉर्च काढून तुझ्या पापण्या उचलल्या. सवय. वहिनी ओरडली, "ताई, आता तरी सोडा त्यांना!"

सोडलं. नेत्रदानाचं मात्र विचारलं मी तिला, कोपऱ्यात घेऊन. दुसऱ्यांच्या घरात मी हे इतक्या वेळा विचारलंय, तरी तिला विचारताना दोनदा सुरुवात करावी लागली. तुझी बुबुळं चांगली होती दादा, बिघाड सगळा मागच्या बाजूला होता. वहिनी म्हणाली, "आयुष्यभर डोळ्यांचाच छळ झाला त्यांना. आता नको." मी पुढे बोलले नाही. बोलायला हवं होतं की नव्हतं, ते अजून ठरत नाही.

तेराव्याला आलेला प्रत्येक जण म्हणत होता, "बिचारा, डोळ्याने अधू होता." आणि मी प्रत्येकाला वेड्यासारखं सांगत होते, डोळ्यांचा काही संबंध नाही, काही संबंध नाही. लोक माझ्याकडे बघायचे आणि चहाचा कप खाली ठेवायचे.

खरं म्हणजे आपलं भांडण अर्धवट राहिलं म्हणून मी चिडले आहे. अर्ध्यातून उठून जायची तुझी सवय जुनीच.

तू चौथीत शाळा सोडलीस. गुरुजी फळ्यावरचं वाचायला सांगायचे आणि तू गप्प उभा राहायचास. ते म्हणायचे, मठ्ठ. बाबा म्हणायचे, आळशी. बाबांच्या स्वतःच्या नाकावर जाड भिंगांचा चष्मा होता, तरी त्यांच्या हे ध्यानात आलं नाही. मी तेव्हा इतकीशी. संध्याकाळी तू मला खांद्यावर घेऊन किनाऱ्यावर न्यायचास आणि विचारायचास, "बाय, बघ कोणाची बोट आली? झेंडा कंचा हाय?" मी सांगायची, लाल, निळा, वर पिवळा पट्टा. मला वाटायचं तू माझी परीक्षा घेतोस. तुला दिसत नव्हतं म्हणून तू विचारत होतास, हे कळायला मला पंधरा वर्षं लागली, आणि त्यासाठी डोळ्यांचं शिक्षण घ्यावं लागलं. बारा वर्षांचा होतास तेव्हा डहाणूला शिबिर भरलं आणि तुला पहिला चष्मा मिळाला. आपण घरी आलो तेव्हा बाबा अंगणात उभे होते. फाटकापासूनच तू मला म्हणालास, "बाबा लांबूनपण रागावलेलेच दिसतात गो." आपण किती हसलो होतो.

२०१४ मध्ये माझी बदली आपल्या तालुक्यात झाली. डोळे तपासायचे, नंबर काढायचे, शाळांमधून फिरायचं, हे माझं काम. पहिल्याच आठवड्यात तुला खुर्चीत बसवलं. उजवा उणे अकरा, डावा उणे चौदा. तुझ्या नाकावर होता तो चष्मा कधीचा जुना, खारं पाणी लागून भिंगं खरवडलेली, काड्यांना मागून नायलॉनची दोरी बांधलेली. मी म्हटलं, "दादा, थेंब टाकून मागचा पडदा बघून घेऊ. इतक्या मोठ्या नंबरात पडदा पातळ होतो. कुठे झिजलाय का ते डॉक्टरांना बघू दे."

"थेंब टाकले का किती वेळ धूसर?"

"पाच-सहा तास."

"उद्या पहाटे बोट जायची हाय."

"मग परवा."

"परवा काय, दर्या सुकणार हाय?"

आणि उठून गेलास. दर वर्षी हेच. नारळी पौर्णिमेआधी म्हणायचास आता हंगाम सुरू होईल, हंगामात म्हणायचास आता हंगाम चालू आहे, पावसाळ्यात बोट वर ओढलेली असायची तेव्हा म्हणायचास आता रिकामा आहे तर जाळी दुरुस्त करू दे. मी दुसऱ्यांच्या बायकांना, आयांना, आजोबांना हाताला धरून तपासणीच्या टेबलापर्यंत नेलं. तुला नाही नेता आलं.

मग हेतलचं झालं. तुझी लेक हेतल, दहा वर्षांची, डहाणूच्या शाळेत जायला लागलेली. शाळेच्या तपासणीत तिचा नंबर मीच काढला, उणे अडीच. त्या दिवाळीत तुझ्या घरी सगळे जमले होते. वहिनीची आई उंबरगावहून आलेली. फराळाचं ताट हातात घेऊन मी सगळ्यांसमोर म्हटलं, "हेतलला चष्मा लागणारच होता. बाबांचा, मग दादाचा, आता तिचा. हे आपल्या रक्तातच आहे."

मला वाटलं मी शास्त्र सांगतेय. वहिनीच्या आईने ताट खाली ठेवलं. "रक्तातलं हाय तर लगनाच्या आधी बोलायचं नी! आमच्यात तर कोणाला चष्मा नाय."

वहिनी आत निघून गेली. तू माझ्याकडे बघितलंस, चष्म्याआडून लहान लहान दिसणाऱ्या डोळ्यांनी. पाहुणे गेल्यावर म्हणालास, "बाय, तू मोठी शिकलीस. आता इथं नको येत जाऊस, शिकवायला." हेतलला मात्र चष्मा घेतलास, तोही माझ्याकडून नाही, बाजारातल्या दुकानातून. त्यानंतर नऊ-दहा महिने आपण बोललो नाही.

आणि तेच नऊ-दहा महिने आपल्याला नडले. २०१७ चा हंगाम सुरू झाला आणि बोटीवर असताना तुझ्या उजव्या डोळ्यात विजा चमकल्या. आभाळ कोरं, आणि कडेला लख्ख. मग काळे ठिपके तरंगायला लागले. मग एका बाजूने सावली वर चढत आली. तू कोणालाच बोलला नाहीस. आठव्या दिवशी जाळं ओढताना समोरच्या माणसाचं तोंड दिसेना, तेव्हा कुठे बोट वळवलीस. वहिनी तुला घेऊन माझ्या दवाखान्याच्या दारात आली. मी डोळ्यात टॉर्च मारला. तसंच वलसाडला नेलं. पडदा सुटला होता, मधल्या भागासकट.

ऑपरेशन झालं. डोळ्यात हवा भरली आणि सांगितलं, पंधरा दिवस पालथं झोपायचं, मान खाली. दर्यावर उभा राहून जेवणारा माणूस, पंधरा दिवस खाटेच्या कडेवरून तोंड खाली लोंबकळत ठेवून पडून. मी रजा काढून आले. तुझ्याशी बोलायचं तर तुझा चेहरा दिसत नव्हता, म्हणून मी खाटेखाली चटई टाकली आणि उताणी पडले. वर तुझं तोंड, खाली माझं. वहिनीने बघितलं आणि पदर तोंडाशी धरून हसायला लागली. कित्येक महिन्यांनंतर त्या घरात कोणीतरी हसलं होतं.

"दिसते का मी?" मी विचारलं. एका डोळ्यावर पट्टी, दुसरा उणे चौदा, चष्मा काढलेला.

"धुराटी दिसते. पण तूच हायस. एवढी बडबड दुसरं कोण करणार?"

मग विचारलंस, "असं का होतं गो? डोळ्याला काय पडली होती एवढी?"

खरं सांगते दादा, मला या कामात इतकी वर्षं झाली, पण हे कोणी मला इतकं सरळ विचारलं नव्हतं. लोक विचारतात, नंबर वाढेल का, उतरेल का, लेझर होईल का. तू विचारलंस, का.

मी सांगितलं. मूल जन्मतं तेव्हा डोळा आखूड असतो. त्याला वाढायचं असतं, पण नेमकं तेवढंच. आत भिंतीला पडदा आहे, त्यावर समोरचं चित्र पडतं. चित्र पडद्याच्या मागे जात असेल तर पडदा सांगतो, अजून वाढ. चित्र बरोबर पडद्यावर आलं की सांगतो, आता बस कर. हे सांगणं रसायनांनी चालतं, पडद्यापासून बाहेरच्या भिंतीपर्यंत. तुझ्या डोळ्यात 'बस कर' हे सांगणंच नीट पोचलं नाही. डोळा लांबत गेला. भिंत ताणली, पडदा ताणला, पातळ झाला, आणि एका ठिकाणी फाटला.

"आणि डोकं काय करत होतं तवा?"

"डोक्याला विचारत नाहीत. कोंबडीच्या पिल्लांवर बघितलंय लोकांनी. पिल्लाच्या एका डोळ्यावर भिंग बसवलं, तर तोच डोळा लांबला. डोळ्यावर धुरकट झाकण घालून मेंदूकडे जाणारी नस कापली, तरी लांबला. डोळा आपलं आपण ठरवतो."

"कोंबडीला चष्मा घातला?" तू इतका हसलास की मी घाबरले, म्हटलं डोकं हलवू नको. मग म्हणालास, "आपल्या घरासारखंच की. कोण कोणाला इचारतो इथं?"

मीही हसले. तू मात्र सोडणार नव्हतास. "मग दिवाळीला रक्त रक्त काय करत होतीस?"

मी म्हटलं, रक्ताचंही आहे. एका गुणसूत्राचा, एका जनुकाचा हा खेळ नाही. शेकडो आहेत, प्रत्येक जनुक डोळ्याला थोडा थोडा धक्का देतो. तुझ्या वाट्याला ते बरेच आले, माझ्या वाट्याला कमी, म्हणून मी उणे तीनवर थांबले. त्यातले काही तर पडद्याच्या त्या सांगण्या-ऐकण्यातच ढवळाढवळ करतात. आणि त्यावर जवळचं काम, कमी ऊन, हे वरून पडतं.

"मी तर सगळा जन्म उन्हात काढला."

"तुझं शाळेच्या आधीच सुरू झालं होतं. रक्ताचा जोर इतका होता की ऊन पुरं पडलं नाही."

"आणि जाळं? पाचव्या वर्षापासून नाकाला लावून जाळी विणतोय."

"बाबांनाही नंबर होता दादा."

"बाबापण जाळीच विणायचे!" खाली तोंड करून तू ओरडलास, थुंकी माझ्या गालावर पडली. "बाबांनी मला डोळे दिले आणि जाळंपण दिलं. तू सांग कुठल्याने झालं. सांग ना. एवढी पुस्तकं वाचलीस."

मला सांगता आलं नाही. आजही येत नाही. एका घरात बापाचं रक्त आणि बापाचं काम दोन्ही पोराकडे जातं, त्यातलं कुठलं कुठे शिरलं हे एका माणसाकडे बघून ओळखता येत नाही. हा तुझा मुद्दा बरोबर होता. मी तेव्हा म्हटलं, "पंधरा दिवस गप्प पड." तू म्हणालास, "तुझ्या प्रत्येक उत्तराला पळवाट हाय."

पडदा जागेवर बसला, नजर बसली नाही. त्या डोळ्यापुढे हात हलवला तर कळायचं, बोटं मोजता यायची नाहीत. बोट तू चुलतभावाला दिलीस. आणि किनाऱ्यावर बसून जाळी सांधायला लागलास, डावा डोळा जाळ्यापासून चार बोटांवर. येता-जाता तुला तसं बघितलं की माझं डोकं फिरायचं. आणि मी काय करायची? सगळ्यांना सांगायची, "आठ दिवस लपवलं याने, आठ दिवस! नाहीतर डोळा वाचला असता." वहिनीला सांगितलं, चुलतभावाला सांगितलं, शाळांमधून शिक्षकांना सांगितलं, तुझं नाव न घेता. मोठा नंबर असलेल्या प्रत्येक माणसाला सांगितलं. तुझी गोष्ट मी इतकी वापरली.

हेतलच्या बाबतीत मग तू भलतंच केलंस. तिचा नंबर चारच्या पुढे गेला म्हटल्यावर तिची गोष्टींची पुस्तकं माळ्यावर टाकलीस. "जवळचं बघायचं नाय." पोरगी रडून मला फोन करते, आत्या, बाबा वाचू देत नाहीत. मी आले, आपण ओसरीवर भांडलो. मी म्हटलं, पुस्तकं बंद करू नको, ऊन वाढव. भरपूर उजेड पडला की पडद्यात डोपामिन नावाचं रसायन तयार होतं, ते डोळ्याच्या वाढीला आवर घालतं. झरीची पोरं बघ, दिवसभर बाहेर, त्यांच्यात मला चष्मा क्वचित द्यावा लागतो. डहाणूत ट्यूशनवरून ट्यूशनला जाणाऱ्या पोरांची तर रांग लागते.

"झरीच्या पोरांचं रक्त येगळं असेल."

"असेलही!"

"मग? पुन्हा पळवाट."

पण दुसऱ्या दिवसापासून शाळेतून आली की तिला तू किनाऱ्यावर न्यायला लागलास. पुस्तकं माळ्यावरून खाली आली. ती ओट्यावर नाही, वाळूवर बसून वाचायची, मग तू तिला उठवून चालायला लावायचास. लोक हसायचे, आंधळा पोरीला उन्हात भाजतो म्हणून. आणि २०१८ सरता सरता भूकंपाचे धक्के सुरू झाले. आठवतं? तलासरीकडची गावंच्या गावं अंगणात झोपायला लागली. मी ज्या शाळांमध्ये जायची तिथे वर्ग झाडाखाली भरायला लागले. भिंतींची सगळ्यांना भीती. हेतलच्या शाळेतही पोरांना मैदानात बसवायचे. मी येऊन तुला सांगितलं तर तू म्हणालास, "बघ, तुझं इतकी वर्षं कोणी ऐकलं नाय. धरतीने एकदा हलवलं आणि सगळी पोरं उन्हात." भीतीच्या त्या दिवसांत मला हसू आवरलं नाही, आणि हसल्याची लाजही वाटली, कारण झोपडीची भिंत कोणाच्या अंगावर कधी पडेल याचा नेम नव्हता.

यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत हेतलचा नंबर पुन्हा काढला. वर्षात फक्त पाव नंबरने वाढलेला. आधी वर्षाला एक, सव्वा वाढायचा. तू खुर्चीच्या मागे उभा होतास. माझ्या हातातला कागद तुला वाचता येत नव्हता, म्हणून विचारलंस, "काय बोलतं मशीन?"

मी आकडा सांगितला. दादा, तुझा चेहरा! इतक्या वर्षांत तू माझ्यासमोर कधी असा जिंकल्यासारखा उभा राहिला नव्हतास. "मग? उन्हानेच ना? मी नेत होतो ना तिला?"

आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, "वय वाढलं की वेग आपोआपच कमी होतो. एका मुलीवरून काही सिद्ध होत नाही."

खरं होतं ते. शब्दन् शब्द खरा. एवढं खरं बोलायची गरज नव्हती. तू टेबलावरचा तुझा रुमाल घेतलास, "बरं," म्हणालास, आणि हेतलच्या खांद्यावर हात ठेवून निघून गेलास. फाटकापर्यंत मी तुला हाक मारणार होते. तेवढ्यात पुढची बाई खुर्चीत येऊन बसली. नंतर सहा महिने तू हयात होतास, रोज एका फोनच्या अंतरावर. हो दादा, तूच केलंस, असं एकदा म्हणायला काय झालं होतं मला? चुकीचं ठरलं असतं तर ठरलं असतं.

आता जे लिहायचं आहे त्यासाठीच हे सगळं लिहायला बसले.

तू आठ दिवस कोणाला सांगितलं नाहीस, असं मी दोन वर्षं गावभर म्हणत आले. पण तिसऱ्या दिवशी वहिनीने मला फोन केला होता. तू बोटीवरून येऊन झोपला होतास आणि तिला म्हणाला होतास, डोळ्यापुढे डास फिरतात. ती हळू आवाजात बोलत होती, तुला कळू नये म्हणून. "ताई, यांच्या डोळ्यापुढे डास दिसतात म्हणतात, काळे काळे. काय करू?"

मला एका क्षणात कळलं होतं. उणे अकराचा डोळा, अचानक आलेले ठिपके, हे काय असतं हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. त्या दिवशी फक्त फाटलं असणार, सुटलं नसणार. लेझरने भोवती टाके घालतात तसं शिवून घेतलं असतं. आणि मी वहिनीला काय म्हटलं? "त्याला स्वतःला फोन करू दे. दिवाळीपासून माझं तोंड नको झालंय ना त्याला."

ती म्हणाली, "बरं." तिने तुला सांगितलं नसणार. सांगितलं असतं तर तू त्या रागात आणखी आठ दिवस थांबला असतास. तिने नंतरही मला कधी त्या फोनची आठवण करून दिली नाही. मी तुझ्या नावाने बोंब मारत असताना ती शेजारी उभी असायची, मासे निवडत, खाली बघत.

तू खाटेवर पालथा पडला होतास तेव्हा एकदा विचारलं होतंस, "बाय, मी आधी आलो असतो तर?" आणि मी खालून, तुझ्या तोंडासमोर तोंड असताना, म्हटलं होतं, "हो, आला असतास तर डोळा वाचला असता. मूर्ख आहेस तू." तेव्हा सांगता आलं असतं. तेव्हा तुला उठून जाताही येत नव्हतं.

तुझा राग आला असता का? आला असता. कदाचित वर्षभर बोलला नसतास. मग काहीतरी खवचट बोलून पुन्हा सुरू केलं असतंस. आता या भांडणात दोन्ही बाजूंनी मलाच बोलावं लागतं, आणि मला तुझ्यासारखं बोलता येत नाही.

तेरावं झालं आणि चौथ्या दिवशी मी हेतलला घेऊन वलसाडला गेले. वहिनी नको म्हणत होती, सुतकातून आत्ताच बाहेर पडलोय म्हणून. मी ऐकलं नाही. तिच्या डोळ्यांत थेंब घातले, तासभर बाकावर बसलो. ती डोळे मिटून माझ्या खांद्याला टेकली होती. आत गेलो. डॉक्टरांनी कागद पुढे ओढून माझ्याकडे बघत विचारलं, घरात कोणाला मोठा नंबर, पडद्याचा त्रास?

मी तोंड उघडलं आणि हेतलकडे बघितलं. त्या दिवाळीपासून 'रक्तातलं आहे' हे मी तिच्यासमोर कधी उच्चारलं नव्हतं.

हेतल म्हणाली, "माझ्या बाबांचा पडदा सुटला होता. माझे डोळे त्यांच्यावर गेलेत."

इतकं सहज, दादा. जसं कोणी म्हणतं, माझं नाक बापावर गेलंय. त्यात लाज नव्हती आणि तक्रारही नव्हती. थोडी ऐट होती म्हणाना.

डॉक्टरांनी डोक्यावर दिवा बांधून बराच वेळ बघितलं. वर बघ, खाली बघ, नाकाकडे बघ. डाव्या डोळ्यात कडेला एक पातळ पट्टा आहे. भोक नाही, फाटलेलं नाही. आत्ता काही करायचं नाही, वर्षाला एकदा बघायचं. आणि मग ते तिच्याकडे वळून म्हणाले, "बेटा, विजा चमकल्या, काळे ठिपके आले, पडदा ओढल्यासारखं झालं, तर त्याच दिवशी यायचं. दुसऱ्या दिवशी नाही."

"त्याच दिवशी," ती म्हणाली.

गाडीने परत येताना उजेड तिला सोसत नव्हता, माझा काळा चष्मा तिला दिला होता. उंबरगाव गेलं, पुढे घोलवड. मी तिला फोनची गोष्ट सांगितली. का सांगितली कळत नाही, तेरा वर्षांच्या मुलीला. पण तुला सांगायचं राहिलं, आणि वहिनीला ते माहीत होतं, मग जिला सांगायचं अशी तीच एक उरली होती. तिसऱ्या दिवशी तिच्या आईने मला विचारलं होतं, आणि मी रागात होते, एवढंच सांगितलं. ती खिडकीतून बाहेर बघत होती. मला वाटलं ती आता माझ्याशी बोलणार नाही. तुझीच पोरगी.

मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, "आत्या, मला तसे ठिपके दिसले तर तुला फोन करू?"

"कर ना."

"आपलं भांडण चालू असलं तरी?"

मी हो म्हटलं. गाडीचा आवाज होता, तिला ऐकू गेलं की नाही कळेना, म्हणून पुन्हा एकदा म्हटलं.